दांडी सोडायची असते, अव्या

अव्या, तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलत होते, की क्षणभर वाटलं आपण भलत्याच हॉलमध्ये येऊन बसलोय. 'अत्यंत शांत स्वभाव.' 'कधी कुणाला उलटून बोलले नाहीत.' तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर म्हणाले, 'भाईसाहब जैसा ठंडा आदमी हमने नहीं देखा.' ठंडा म्हणे! कॅरमची राणी हरवली म्हणून सख्ख्या बहिणीच्या वेणीला कात्री लावणारा हा ठंडा माणूस. शेजारी तुझी बायको, मेधा रडत होती म्हणून गप्प बसले, नाहीतर उठून माईक घेणार होते.

तुझी नोकरी, तुझ्या बढत्या, गुडगावात तू फ्लॅट कधी घेतलास, हे सगळं आपल्या मराठी मंडळाच्या पत्रकात येईल. ते लिहायला मी बसलेले नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि तू नेहमीसारखा मध्येच उठून गेलास. या वेळी जरा जास्तच लांब गेलास, मेल्या. बघ, तोंडात शिवीसुद्धा हीच येते. आजवर हजारदा दिली असेल, आता जीभ चावावी लागते.

तर सरळ विचारते. त्या सोमवारी सकाळी ऑफिसचा रस्ता सोडून तू गाझियाबादकडे निघालास, सईच्या सासरी. पोचला नाहीस. यमुनेचा पूल ओलांडलास, गाडी कडेला घेतलीस, इंडिकेटर लावलास आणि तिथंच गेलास. मागून लोक हॉर्न वाजवत पुढे जात होते. ट्रॅफिक पोलिसानं काच ठोठावली तीसुद्धा चलान फाडायला. जून महिना, आत एसी चालू, आणि माझा भाऊ सीटबेल्ट लावून बसलेला. मला एवढंच कळायचंय, की तू पोरीला घरी आणायला निघाला होतास, की 'सांभाळून घे बेटा' म्हणून समजवायला?

याचं उत्तर द्यायला तू नाहीस. मग मीच मागे जाऊन शोधतेय, आणि शोधताना पुन्हापुन्हा गोव्यालाच पोचतेय. भांडण तिथलंच आहे ना आपलं.

आठवतं ना? तुझ्या कंपनीनं वर्षभराच्या कामाचं बक्षीस म्हणून दोघांसाठी सुट्टी दिली होती. गोव्याच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर शिडाची फळी आणि लाटांवरची फळी चालवायला शिकायचं. तेव्हा गुडगावात काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या आणि तुमच्या कंपन्यांना असलं काहीतरी सुचायचं. मेधाच्या भावाचं नागपुरात लग्न निघालं, ती सईला घेऊन तिकडे जाणार. तू मला फोन केलास, 'ताई, तिकीट वाया जाईल. तू चल.' मी हसले. चाळिशी ओलांडलेली बाई, फरीदाबादच्या शाळेत भूगोल शिकवणारी. वर्षानुवर्षं मी फळ्यावर लाट काढत होते, 'यह तरंग का शिखर, यह तरंग का गर्त', आणि स्वतः समुद्रात पाऊल घातलेलं नव्हतं. तरी आले. कारण मी नवऱ्याचं घर सोडलं त्यानंतर तू मला पहिल्यांदाच कुठं 'चल' म्हणाला होतास.

ते घर मी सोडलं तेव्हा आप्पा गेलेले होते, म्हणजे घरातला पुरुष तू. आणि पुरुषानं विचारायचा तोच प्रश्न तू विचारलास, 'मारत तर नव्हता ना?' नव्हता. बोलत नव्हता. महिनेच्या महिने. जेवायचा, घड्याळ चढवायचा, निघून जायचा. घरात कपाट असतं तशी मी होते. कपाट तरी माणूस उघडतो. हे मी तुला रडत सांगितलं आणि तू म्हणालास, 'मग?' तुझा तो 'मग?' माझ्या घशात अडकून राहिला. पण तुझा कारभारही अजब. तोंडानं 'मग?' म्हणालास आणि फरीदाबादमध्ये माझ्यासाठी घर शोधायला भर उन्हात तूच हिंडलास. माझ्या न्हाणीघरात गीझर तू बसवलास. एका भाऊबिजेला चुकला नाहीस. ओवाळून घेताना मात्र माझ्या डोळ्यांत बघायचा नाहीस.

असो. गोवा.

शिकवणारे एक निवृत्त नौसैनिक होते. सगळे त्यांना 'कोच सर' म्हणायचे. आवाज असा, की लाटेनं सावधान उभं राहावं. सुरुवात खाडीच्या संथ पाण्यात. फळीवर उभं राहायचं, पाण्यात पडलेलं शीड दोरीनं ओढून उभं करायचं, मग शिडाची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरायची, आणि वारा भरला की निघाली फळी. एकच नियम कोच सर घसा फोडून सांगत होते. वारा जास्त आला, तोल जातोय असं वाटलं, की दांडी सोडून द्यायची. शीड पाण्यात पडेल, पडू दे. पुन्हा दोरी ओढायची. धरून ठेवलं तर शीड माणसाला घेऊन जातं.

पुण्या-मुंबईकडची, बंगलोरची मंडळी झटकन शिकली. दिल्लीचे आपण दोघं मात्र चिकटलेले. वारा आला रे आला, की आपल्या मुठी आणखी आवळायच्या. आप्पांनी लहानपणी दुसरं शिकवलंच काय होतं? सरकारी क्वार्टरमधून बसनं शाळेत जायचो, बस स्टॉपवर कधी थांबायची नाही, ड्रायव्हर मनात येईल तेव्हा ब्रेक मारायचा, आणि आप्पा दोघांच्या डोक्यावरून ओरडायचे, 'पोरांनो, जग इकडचं तिकडे होवो, दांडी सोडायची नाही!' तेच अंगात भिनलेलं. कोच सरांनी वैतागून विचारलं, 'आप दोनों को पकड़ना किसने सिखाया?' तू फळीवरून पडता पडता म्हणालास, 'दिल्ली की बस ने, सर!' मी इतकी हसले की नाकातोंडात पाणी गेलं.

मला पुढच्या दिवशी जमलं. वारा आला आणि कसं कोण जाणे, हात आपोआप उघडले. शीड पाण्यात पडलं आणि मी फळीवर उभीच. पडलेच नाही! इतकं सोपं असतं हे माहीतच नव्हतं. कोच सर सगळ्यांना म्हणाले, 'मैडम को देखो. हवा ज़्यादा, हाथ खाली.' आणि तू, माझ्या शेजारी छातीएवढ्या पाण्यात उभा, मराठीत म्हणालास, 'तिला सोडायची सवयच आहे.'

तुला वाटलं फक्त मला कळेल. पलीकडे ते पुण्याचं जोडपं होतं, अव्या. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. त्या नजरेनं मी जितकी मेले तितकी तुझ्या बोलण्यानं नाही मेले. दुपारी तू माझ्या पानात कोळंबी वाढलीस आणि मी तुझ्या देखत ती कावळ्याला घातली. दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. माझा बाणा! तुझीच बहीण.

मग तो दिवस. वारा चांगला होता आणि खाडीच्या बाहेर, खऱ्या लाटांत शीड न्यायची परवानगी कोच सरांनी दिली, ती ज्यांना दांडी सोडता येते त्यांनाच. तुझं नाव नव्हतं. तू ऑफिसातला आवाज काढलास, 'मैं संभाल लूँगा, सर.' हुज्जत घातलीस. शेवटी त्यांनी बोट जवळ ठेवून तुला जाऊ दिलं. मी किनाऱ्यावर उभी होते. राग होताच, पण बघत होते. तू लाट चढलास. लाटेच्या पोटात वारा लागत नाही, माथ्यावर पोचलं की एकदम झडप घालतो, हे त्यांनी वाळूत रेघा मारून समजावलं होतं. तसंच झालं. ते कर्ण्यातून ओरडत होते, 'छोड़ दो! छोड़ दो!' मी ओरडत होते, 'सोड, अव्या, सोड रे!' तू नाही सोडलंस. शिडानं तुला उचललं, पुढे भिरकावलं, आणि वरून ते लाल शीड पाण्यावर सपाट पसरलं. डोकं कुठंच दिसेना.

मी तशीच पाण्यात धावले. कमरेएवढ्या पाण्यात धावता येत नाही, हे भूगोलाच्या पुस्तकात नसतं. लाटेनं मला आडवी केली, उठले, पुन्हा आडवी केली. मी काय ओरडत होते आणि कुठल्या भाषेत, देव जाणे. बोट पोचली. कोच सरांनी शीड उलटलं तर तू खाली होतास आणि तुझे दोन्ही हात दांडीवर होते. अजूनही! बोटं एकेक करून सोडवावी लागली. वाळूवर आणून ठेवलं तेव्हा तुझे ओठ जांभळे पडले होते. खारं पाणी ओकलास, डोळे उघडलेस आणि पहिलं वाक्य काय बोललास? 'सर, सेल फटा तो नहीं?' शिडाची काळजी!

तेव्हा मी तुझ्या कानाखाली एक ठेवून द्यायला हवी होती.

संध्याकाळी तू चादर गुंडाळून वाळूत बसला होतास. मे महिन्यात कुडकुडत होतास. मी चहा आणला आणि म्हटलं, 'मेला असतास आज.' तू म्हणालास, 'सोडलं असतं तर पडलो असतो.'

'अरे, पडायचंच असतं! पडायचं आणि दोरी ओढून परत उभं राहायचं. तेच तर शिकवतायत ना ते घसा फोडून?'

तू चादर आणखी आवळून घेतलीस. मग म्हणालास, 'ताई, मी रोज सकाळी सोडायच्या विचारानंच उठतो. ही नोकरी. तो बॉस. तो फ्लॅट, जिथं पाणी टँकरनं येतं आणि लिफ्ट जनरेटरवर. नाही सोडत. सगळ्यांनीच सोडलं तर घरं कशी उभी राहायची? तुझंच बघ. मारत तर नव्हता ना तो?'

पुन्हा तोच प्रश्न. इतक्या वर्षांनी, तोच. पण या वेळी मी रडले नाही. मी विचारलं, 'अव्या, त्या शिडाखाली तुला कुणी मारत होतं का रे?'

तू माझ्याकडे बघितलंस.

'कुणी मारत नव्हतं,' मी म्हटलं. 'फक्त श्वास घेता येत नव्हता. एवढंच ना?'

तू चहा तसाच ठेवलास आणि उठून गेलास. तुझी जुनी खोड. उत्तर सुचलं नाही की उठायचं. मला वाटलं, जाऊ दे, उद्या बोलेल.

उद्या तू बोलला नाहीस, पण जे केलंस त्यासाठी मी तुझे उपकार मानते, आणि हे तुला कधी सांगितलं नाही म्हणून आज सांगते. तो शेवटचा दिवस होता. शिडाशिवाय, नुसत्या फळीवर पालथं पडून लाट घ्यायची आणि एका झटक्यात उभं राहायचं. मागून जोडीदारानं फळी ढकलायची. आदल्या दिवशी मरता मरता वाचलेला माणूस तू. पाण्यात उतरताना तुझा जबडा घट्ट आवळलेला मला दिसत होता. मी म्हटलं, राहू दे, मी दुसऱ्या कुणाला सांगते. तू म्हणालास, 'गप पड.' आणि छातीएवढ्या पाण्यात माझ्या मागे उभा राहिलास. लाट आली, तू फळी ढकललीस, सगळा जीव लावून, आणि ओरडलास, 'ताई, आत्ता! ऊठ!'

मी उठले. उभी राहिले. पायाखालून समुद्र पळत होता आणि मी वर उभी होते, आयुष्यात कुणाच्या आधाराशिवाय असं काही पहिल्यांदाच. पडायच्या आधी मागून तुझी शिट्टी ऐकली. तोंडात दोन बोटं घालून, क्वार्टरच्या गच्चीवर मारायचास तशी. बाहेर आले तेव्हा तू नाचत होतास. 'मस्त, यार ताई! बिल्कुल मस्त!' मला दुसरंच काही ऐकायचं होतं, तुलाही ते माहीत होतं. 'ताई, तू केलंस ते बरोबर केलंस.' बस, एवढंच. ते नाही म्हणालास. पण ढकललंस तर खरं. मी तेवढ्यावर भागवलं.

परत आल्यावर तुला समुद्र चढला होता. एका रविवारी फरीदाबादला आलास. 'ताई, बडखल तलावावर शीड चालेल का बघू या.' गेलो. होड्या भेगाळलेल्या चिखलात उलट्या पडलेल्या, पोरं क्रिकेट खेळतायत, बकऱ्या चरतायत. तू चणेवाल्याला विचारलंस, 'भैया, झील किधर है?' तो म्हणाला, 'साहब, झील में ही तो खड़े हो.' तू हसत सुटलास. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास आणि मग एकदम थांबलास. त्यानंतर तू समुद्राचं नाव काढलं नाहीस. कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, तुझे बॉस तुझ्यापेक्षा लहान होत गेले, तुझ्या बाल्कनीसमोरची शेतं जाऊन टॉवर आले, तुझ्या डब्यात बीपीच्या गोळ्या आल्या. तू धरून होतास. मेधा मला हळूच म्हणायची, 'ताई, तुम्ही सांगा ना ह्यांना.' मी काय सांगणार? मी घर सोडलेली बाई.

आणि मग आपली सई.

स्थळ मंडळाच्या गणपतीत जमलं. तीन पिढ्या दिल्लीत राहिलेलं मराठी घर, मुलगा चांगल्या नोकरीत, सासरे बोलायला साखर. तू किती खूश होतास, 'आपल्यातलेच आहेत, ताई.' दोन वर्षं नाही झाली आणि पोरगी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुडते घालायला लागली. मी बघत होते. तूही बघत होतास, मला माहीत आहे. ती तुला सांगायची आणि तू म्हणायचास, 'बेटा, थोडं ॲडजस्ट कर, मी बोलतो त्यांच्याशी.' त्या रविवारी तिनं फोन तुला नाही केला, मला केला. 'आत्या, मी तुझ्याकडे येऊ का?' एवढंच, आणि फोन ठेवला. कुणीतरी आलं असेल खोलीत.

मी लगेच तुला फोन लावला. मला सगळं शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, 'अव्या, तू मला दोनदा विचारलं होतंस, मारत तर नव्हता ना? आता तुझ्या पोरीला मारतोय. आता बोल.'

तुझ्या मागे टीव्हीवर मॅच चालू होती, ती ऐकू येत होती. मी वाट बघितली. देवाशपथ, मी एक शब्द बोलले नाही, नुसती वाट बघितली. मग तू म्हणालास, 'ताई, उद्या बोलू.'

उद्या तू गेलास.

आता या पोरीला आणि मेधाला त्या प्रवासाचं काय सांगायचं? कुणालाच माहीत नाही. सकाळी तू व्याह्यांना फोन केला होतास, 'मी येतोय, सईशी बोलायचंय.' एवढंच. मेधाला म्हणालास, 'जरा जाऊन येतो.' मेधा एकदा म्हणते, 'समजवायलाच निघाले होते हो, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.' आणि भाजी चिरता चिरता म्हणते, 'नाही ताई, आणायलाच. चहासुद्धा घेतला नाही.' मी दोन्हीला मान हलवते. सईनं तुला अग्नी दिला तेव्हा तिच्या बाह्या वर सरकल्या, आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी तिचे दंड बघितले. आपल्या लोकांना अशा वेळी फार छान आकाशाकडे बघता येतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती मंडळी दुखवटा घेऊन आली. मेधासाठी साडी, गोड जेवणासाठी श्रीखंड. जावई कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला. व्याह्यांनी तुझ्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले, आणि साखरेच्या आवाजात सुरू केलं, 'देखिए ताई, अविनाशराव शेवटी आमच्याच घरी यायला निघाले होते. पोरीला समजवायला. आमच्यासाठी ती त्यांची अंतिम इच्छाच आहे. सूनबाईंनी आज आमच्यासोबत चलावं, बस. जे झालं ते झालं.'

मेधा भिंतीला टेकून बसलेली. तिच्यात जीवच उरला नव्हता. आणि सई उठली. अव्या, मी तिच्याकडे बघत होते. तुझ्या फोटोकडे एकदा बघून, ती बॅग भरायला उठली. बाबांची इच्छा म्हणून. तुझीच मुलगी.

'सई, खाली बस,' मी म्हटलं.

ती थांबली.

'त्या सकाळी तुम्हाला फोन करायच्या आधी अविनाशनं मला फोन केला होता,' मी व्याह्यांना म्हटलं.

अव्या, मी आयुष्यात मुलांच्या मार्कांतसुद्धा खोटेपणा केलेला नाही. आणि इथं तुझ्या फोटोसमोर बसून माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी म्हटलं, 'तो म्हणाला, ताई, मी सईला घेऊन येतोय. कायमची. तुझ्याकडे ठेवतो थोडे दिवस. आणि म्हणाला, ताई, तू तुझ्या वेळी सोडलंस ते बरोबर केलंस. मीच उगाच अडून बसलो.'

जावई मोबाइलवरून डोळे काढून म्हणाला, 'पर पापा ने तो हमें कहा था...'

'तुम्हाला काय सांगायचं ते तुम्हाला सांगितलं. बहिणीला काय सांगायचं ते बहिणीला सांगितलं. चहा घ्या आणि निघा. श्रीखंड घेऊन जा, आमच्यात कुणाला गोड जाणार नाही.'

व्याही उठले. जाताना म्हणाले, 'लोग क्या कहेंगे, ताई, जरा विचार करा.' लोक आकाशाकडे बघतील, मी मनात म्हटलं. दार लावून वळले तर सई माझ्यासमोर उभी. दोन आठवडे ती रडली नव्हती. 'आत्या,' तिनं विचारलं, 'बाबा असं म्हणाले?'

'हो,' मी म्हटलं.

मग ती जी रडायला लागली, अव्या, की मेधा आतून धावत आली.

आता ती माझ्याकडे आहे, फरीदाबादला. वकिलाकडे जाऊन आलो. अर्ध्या बाह्यांचे कपडे घालते. जेवते. आणि रोज, कधी कणीक मळताना, कधी कपडे वाळत घालताना, मला विचारते, 'आत्या, बाबा नक्की काय म्हणाले होते, परत सांग ना.' मी सांगते. तेच शब्द, त्याच क्रमानं, एक इकडचा तिकडे करत नाही. ती डोळे मिटून ऐकते. हल्ली सांगताना मलाही ते तुझ्याच आवाजात ऐकू येतं, आणि इतक्या वर्षांनी अंगावरून हात फिरल्यासारखं वाटतं.

काल तिनं विचारलं, 'अजून काही म्हणाले का?' मी म्हटलं, नाही गं, मग फोन कटला.

खरंच म्हणाला असतास का रे?